सोनोग्राफीला काय विचारायचं?



स्मृतिव्याख्यानाला रेडिओलॉजिस्टला बोलावण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. सर्जनला रुग्ण जन्मभर लक्षात ठेवतात. अंधाऱ्या खोलीत गार जेल लावणाऱ्या बाईचं नाव कुणी विचारत नाही. तेव्हा या निमंत्रणाबद्दल मंडळाचे मनापासून आभार, आणि लगेच विषयाकडे वळते.

आमच्या दाराशी रोज एक प्रश्न येतो. ‘मॅडम, साधी करायची की रंगीत?’ पाठोपाठ दुसरा येतो. ‘रंगीत केली तर जास्त कळेल ना?’ छातीत गाठ लागलेली बाई आणि तिच्या सोबत आलेली बहीण किंवा सून, दोघींच्या मनात असतं की पैसे जरा जास्त गेले तरी चालतील, पण सगळ्यात चांगली सोनोग्राफी व्हावी. आज ही यादी ‘साधी’ आणि ‘रंगीत’ यांवर थांबत नाही. डॉप्लर आहे, इलॅस्टोग्राफी आहे आणि तिचेही दोन प्रकार आहेत, आपोआप फिरणारं मशिन आहे, पाण्यात स्तन सोडून काढायची टोमोग्राफी आहे, प्रकाश टाकून आवाज ऐकणारं यंत्र आहे. आयोजकांनी मला या सगळ्यांची तुलना करायला सांगितलं आहे. तुलना म्हटली की शेवटी एक विजेता हवा असतो. तो मी देणार नाही, कारण या तंत्रांपुढचा प्रश्न एक नाही. ‘कुठे गाठ आहे का’ हा एक प्रश्न, ‘आहे ती कसली’ हा दुसरा, ‘सुई घालायची का’ हा तिसरा आणि ‘काखेत पोचलंय का’ हा चौथा. एका प्रश्नाला चोख उत्तर देणारं तंत्र दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसतं. शिवाय तोच प्रश्न टोकियोत विचारला आणि आपल्याकडे विचारला, तर बरोबर उत्तर बदलू शकतं. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

महाराष्ट्रात सोनोग्राफी म्हटली की डोळ्यांपुढे गरोदर बाई येते. पण या तंत्राने स्तनातली गाठ गर्भाच्या आधी पाहिली. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा ‘लॅन्सेट’मधला प्रसिद्ध निबंध १९५८ चा. त्याच्या कितीतरी आधी मिनेसोटात जॉन ज्युलियन वाइल्ड हे इंग्लंडहून आलेले सर्जन आतड्याची जाडी ध्वनीने मोजता येते का, हे पाहत होते. युद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना पोट फुगलेले रुग्ण त्यांनी पाहिले होते. आतडं कुठे मेलंय हे पोट न उघडता कसं कळणार, हा त्यांचा प्रश्न. नौदलाच्या वैमानिकांना रडार शिकवायचं एक यंत्र त्यांना मिनिआपोलिसजवळ वापरायला मिळालं. ते १५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरत असे. आतडं मोजता मोजता वाइल्डना दिसलं, की कर्करोगाच्या पेशींतून येणारा प्रतिध्वनी निरोगी ऊतीपेक्षा वेगळा आहे. मग जॉन रीड या तरुण अभियंत्याला हाताशी घेऊन त्यांनी हातात धरायचं उपकरण बांधलं आणि १९५२ च्या सुमारास जिवंत बाईच्या स्तनातल्या गाठीची चित्रं काढली. डॉक्टरांचा मोठा वर्ग तेव्हा त्यांच्याकडे संशयाने पाहत होता. १९९१ मध्ये त्यांना जपान प्राइझ मिळालं तोवर त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली होती.

त्याच काळात जपानमध्ये तोशिओ वागाई आणि त्यांचे सहकारी हेच काम करत होते. पुढे सिडनीत जॉर्ज कॉसॉफ आणि जॅक जेलिन्स यांनी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मधल्या राखाडी छटा चित्रात आणल्या. ही सुधारणा कागदावर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात त्याआधी चित्रात गाठीची फक्त सीमारेषा दिसे, तिच्या पोटात काय आहे ते दिसत नसे. त्यांच्या ‘ऑक्टोसन’ या मशिनमध्ये पाण्याच्या टाकीत आठ प्रोब असत आणि स्तन तपासायचा तर बाईने टाकीवर पालथं झोपायचं. ही टाकी लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

आता साध्या सोनोग्राफीकडे. ‘साधी’ हा शब्द मी नाइलाजाने वापरते, कारण माझ्या मते या सगळ्या कुटुंबाचा कणा तीच आहे. शरीराच्या मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. प्रोबचा ध्वनी १२ मेगाहर्ट्झचा असेल तर त्याची लहर जेमतेम ०.१३ मिलिमीटर लांबीची होते. पोटाच्या सोनोग्राफीसाठी वापरतात त्या ३.५ मेगाहर्ट्झच्या प्रोबची लहर तिच्या तिपटीहून लांब. लहर जितकी आखूड तितकं बारीक दिसतं, पण ती तितकीच लवकर विरून जाते. स्तनाला तीन-चार सेंटिमीटरच्या पलीकडे सहसा जावं लागत नाही, म्हणून तिथे आखूड लहर परवडते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पोटाचा प्रोब फिरवून कुणी स्तनाचा रिपोर्ट दिला, तर तो रिपोर्ट न मिळाल्यासारखाच समजावा.

चित्रात आम्ही काय पाहतो? पाण्याची गाठ असेल तर ती काळीभोर, कडा स्वच्छ, आणि तिच्या मागचा भाग जास्त उजळ, कारण पाण्यातून ध्वनी न दमता पलीकडे जातो. फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणजे तरुण मुलींमध्ये सर्रास आढळणारी साधी गाठ. ती लांबट, त्वचेला समांतर पहुडलेली, गुळगुळीत कडेची. कर्करोगाची गाठ ऊतींचे थर ओलांडून वाढते, म्हणून ती रुंदीपेक्षा उंच दिसू शकते, तिच्या कडा कोनदार किंवा काटेरी असतात आणि पुष्कळदा मागे काळी सावली पडते. कोलोरॅडोतले थॉमस स्टाव्ह्रॉस यांनी १९९५ मध्ये ७५० गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १२५ कर्करोगाच्या निघाल्या. त्यांची शिस्त कडक होती. वाईट खूण एक जरी दिसली तरी गाठीला साधी म्हणायचं नाही. साधेपणाच्या खुणा शोधून सापडल्या तरच तिला सोडायचं. या पद्धतीने १२५ पैकी १२३ कर्करोग संशयितांत धरले गेले. तोवर सोनोग्राफीचं काम ‘गाठ पाण्याची की भरीव’ एवढं सांगण्याचं मानलं जाई. भरीव गाठींतही भेद करता येतो, हे या अभ्यासानंतर जगाने मान्य केलं.

तुमच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ म्हणून एक आकडा असतो, तो याच विचारातून आला. सोनोग्राफीसाठी तो २००३ मध्ये ठरला. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्के किंवा अधिक. मधला ४ फार मोठा, २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेला. म्हणून त्याचे ए, बी, सी असे तुकडे केलेले आहेत. ४ आला म्हणजे सुई. या ३ आणि ४ए च्या उंबरठ्यावरच नव्या तंत्रांची सगळी लढाई चालते. ५ नंबरच्या गाठीवर कोणतंही महागडं तंत्र चालवून काही मिळत नाही. तिला सुईच हवी.

पण साध्या सोनोग्राफीला गंडवणारे कर्करोगही आहेत. ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात तो वेगाने वाढणारा प्रकार कधी कधी गोल, गुळगुळीत कडेचा, मागे उजळ असा दिसतो, थेट फायब्रोअ‍ॅडिनोमाच्या वेषात. आपल्या देशात हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो आणि तरुण वयात आढळतो. पंचविशीच्या मुलीची नवी, भराभर वाढणारी गाठ ‘गोल आहे, चिंता नको’ म्हणून परत पाठवू नये, ते यासाठी. दुसरी उणीव म्हणजे दूधवाहिन्यांच्या आत राहिलेला, चुन्याच्या बारीक कणांवरून ओळखू येणारा अगदी सुरुवातीचा कर्करोग. ते कण मॅमोग्राफीत लख्ख दिसतात, सोनोग्राफीत बहुधा हरवतात. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी आणि तिशीच्या आत आधी सोनोग्राफी, हा क्रम यामुळेच आहे.

‘रंगीत’बद्दल थोडक्यात. डॉप्लर वाहत्या रक्ताला रंग देतं. वाढणारा कर्करोग नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतो, हा जुडा फोकमन यांचा १९७१ चा सिद्धान्त खरा ठरला, तेव्हा वाटलं की आता रंग पाहिला की निकाल लागेल. तसं झालं नाही. तरुण मुलीच्या फायब्रोअ‍ॅडिनोमातही भरपूर रक्त फिरतं आणि छोट्या कर्करोगात काहीच दिसत नाही. त्यातून तपासणाऱ्याने प्रोब जरा जास्त दाबला की बारीक वाहिन्या मिटतात आणि रंग गायब. पाण्याच्या गाठीत काही घन दिसलं, तर तो साचलेला गाळ की वाढणारी ऊती, हे ठरवायला डॉप्लर उत्तम. मंद रक्तप्रवाह टिपणारे त्याचे नवे प्रकार आणि शिरेतून सोडलेले वायूचे सूक्ष्म बुडबुडे यांमुळे चित्र पुष्कळ सुधारलं आहे. पण ‘साधी की रंगीत’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की नीट केलेल्या साधीत रंग हवा तेव्हा बटण दाबून येतोच. त्याचे वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

इलॅस्टोग्राफीवर मात्र मी रेंगाळणार आहे, कारण वैद्यकातली सगळ्यात जुनी तपासणी तिने मशिनमध्ये आणली. हाताला कडक लागते ती गाठ वाईट, हे हजारो वर्षं वैद्यांना ठाऊक आहे. ह्यूस्टनचे जोनाथन ओफिर यांनी १९९१ मध्ये तो कडकपणा ध्वनीने चित्रात उतरवला. कल्पना सरळ होती. दाबण्याआधी एक चित्र घ्या, किंचित दाबून दुसरं घ्या, आणि कोणता भाग किती चेपला ते मोजा. भिजवलेल्या कणकेत खडा असेल तर अंगठ्याखाली कणीक पसरते, खडा तसाच राहतो. हे स्ट्रेन इलॅस्टोग्राफीचं संपूर्ण शास्त्र आहे. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या गटाने २००६ मध्ये त्याला १ ते ५ असे गुण दिले. १११ गाठींवर पाहिलं तेव्हा ८६.५ टक्के कर्करोग कडक म्हणून ओळखले गेले आणि साध्या गाठींपैकी ८९.८ टक्के मऊ म्हणून सुटल्या.

यातली अडचण हाताची. दाब किती द्यायचा याचं माप नाही. एकाचा हात हलका, दुसऱ्याचा जड. पॅरिसमध्ये मॅथियास फिंक, मिकाएल तांतेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. त्यांनी दाबायचं काम ध्वनीलाच दिलं. प्रोबमधून निघालेला जोरदार झोत ऊतीला आतल्या आत ढकलतो आणि त्यातून आडव्या लहरी पसरतात. या लहरी सेकंदाला काही मीटर इतक्याच चालतात, म्हणजे मूळ ध्वनीपुढे रांगतात. ऊती जितकी कडक तितकी लहर वेगवान. सेकंदाला हजारो चित्रं घेतली की हा वेग मोजता येतो, आणि वेगावरून कडकपणा थेट किलोपास्कलमध्ये. या शिअर वेव्ह तंत्रावर अमेरिका आणि युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला. ९३९ गाठी, त्यांतल्या २८९ कर्करोगाच्या. उंबरठ्यावरच्या गाठींना कडकपणाचा निकष लावला, तेव्हा साध्या गाठींना साधं म्हणण्याची अचूकता ६१ टक्क्यांवरून साडेअठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर गेली आणि कर्करोग धरण्यात म्हणण्यासारखी घट झाली नाही. निकष असा होता, की ४ए ची गाठ ८० किलोपास्कलच्या आत असेल तर तिला सुईतून सूट, आणि ३ ची गाठ १६० किंवा वर असेल तर तिलाही सुई.

आकडा मिळाला की माणूस निर्धास्त होतो, म्हणून काही खाचाखोचा सांगते. प्रोब नकळत दाबला तर मऊ ऊतीही कडक मोजली जाते. फार कडक गाठीत आडवी लहर शिरतच नाही, मग आत काहीच रंग येत नाही आणि कडेला मात्र कडक कड उमटते. नवशिक्याला ती रिकामी जागा मऊ वाटू शकते. श्लेष्मल प्रकारचा कर्करोग, वाहिन्यांतला कर्करोग, आतून कुजलेली मोठी गाठ, हे मऊ निघू शकतात. आणि एक गंमत, जी खरं तर गंमत नाही. एका कंपनीच्या मशिनवर निळा म्हणजे कडक, दुसरीच्या मशिनवर लाल म्हणजे कडक. रुग्ण दोन ठिकाणी चित्रं काढून ती मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवते आणि घाबरून फोन करते. एवढ्या वर्षांत कंपन्यांना रंगांवर एकमत करता आलेलं नाही.

आता ‘कुठे गाठ आहे का’ हा पहिला प्रश्न, म्हणजे काहीही त्रास नसलेल्या बायकांची चाळणी. घनदाट ऊतींच्या स्तनात मॅमोग्राफी आंधळी होते, कारण ऊतीही पांढरी आणि कर्करोगही पांढरा. सोनोग्राफीत कर्करोग काळा दिसतो, तेव्हा तिची जोड द्यावी असं सहज सुचतं. अमेरिकेत वेंडी बर्ग यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. २६३७ जोखमीच्या बायका, त्यांतल्या ४० जणींना कर्करोग. मॅमोग्राफीने २० ओळखल्या, सोनोग्राफी जोडल्यावर ३१. हजारी सव्वाचार जास्त, हा मोठाच फायदा. पण केवळ सोनोग्राफीत दिसलं म्हणून घातलेल्या सुयांपैकी शंभरांत नऊच ठिकाणी कर्करोग निघाला. उरलेल्या एक्क्याण्णव बायकांच्या रात्री कुठल्या तक्त्यात बसवायच्या? जपानने हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर विचारला. चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या जवळजवळ ७३ हजार बायका. अर्ध्यांना नुसती मॅमोग्राफी, अर्ध्यांना सोनोग्राफीची जोड. २०१६ च्या निबंधात जोड दिलेल्या गटात १८४ आणि नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात ११७ कर्करोग सापडल्याची नोंद आहे. संवेदनशीलता ७७ वरून ९१ टक्क्यांवर. साध्या गाठी वगळण्याची अचूकता मात्र ९१.४ वरून ८७.७ वर उतरली. हे आकडे कर्करोग सापडण्याचे आहेत, मरण टळण्याचे नव्हेत, हे विसरू नये.

एका बाईच्या दोन्ही स्तनांची हाताने नीट तपासणी करायला अमेरिकेतल्या त्या अभ्यासात साधारण १९ मिनिटं लागत. एवढे डॉक्टर आणायचे कुठून? म्हणून मशिन आपोआप फिरवायची कल्पना आली. रुंद प्रोब स्तनावर ठेवून तंत्रज्ञ बटण दाबते, मशिन थराथराने चित्रं घेतं आणि डॉक्टर ती नंतर वाचतो. २०१२ मध्ये अमेरिकेत घनदाट स्तनांच्या चाळणीसाठी अशा एका मशिनला मान्यता मिळाली. त्याचा खरा लाभ मला वेगळा वाटतो. हातातल्या प्रोबने जे कधीच दिसत नाही ते समोरून, छातीला समांतर कापलेलं चित्र त्यात मिळतं, आणि कर्करोग आजूबाजूच्या ऊतीला आत ओढतो ते त्यात स्पष्ट कळतं. पंधरा हजारांवर बायकांच्या अमेरिकी अभ्यासात या जोडीने हजारी १.९ कर्करोग जास्त सापडले. पण पुन्हा बोलावलेल्या बायकांचं प्रमाण हजारी १५० वरून २८५ पर्यंत गेलं. आणि २०२५ मध्ये ब्रिटनचा अभ्यास आला. घनदाट स्तन, मॅमोग्राफी स्वच्छ, अशा ९३६१ बायका. आपोआप सोनोग्राफीने हजारी ४.२ कर्करोग शोधले, आटोपशीर एमआरआयने १७.४, कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीने १९.२. चाळणीच्या प्रश्नावर, पैसे आणि मशिनं हाताशी असलेल्या देशापुरता, सोनोग्राफीचा निकाल मला इथे लागल्यासारखा दिसतो. माझ्या व्यवसायबंधूंपैकी काहींना हे आवडणार नाही.

राहिलेल्या दोघांना भेटून घेऊ. सिडनीची पाण्याची टाकी नव्या रूपात परत आली आहे. डेट्रॉइटमध्ये घडलेल्या मशिनमध्ये बाई पालथी झोपते, स्तन कोमट पाण्यात सोडते, भोवतीचं प्रोबचं कडं वरून खाली सरकतं. ते परत आलेला ध्वनी ऐकतंच, शिवाय आरपार गेलेला ध्वनीही मोजतं; ऊतीत ध्वनीचा वेग किती, हे त्यातून कळतं. त्याला २०२१ मध्ये घनदाट स्तनांसाठी मॅमोग्राफीच्या जोडीने वापरायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी प्रकाशाच्या तंत्रालाही अमेरिकेत मान्यता मिळाली. लेझरची चमक रक्ताने शोषली की ते क्षणभर तापून फुगतं आणि आवाज करतं. तो आवाज सोनोग्राफीचा प्रोब ऐकतो. प्रकाशाने आवाज निघतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये दाखवलं, आणि ज्या स्फटिकी गुणावर सगळी सोनोग्राफी चालते तो क्यूरी बंधूंना सापडला तोही १८८० मध्येच. प्रकाशाचं हे तंत्र अनावश्यक सुया काही प्रमाणात कमी करतं. पण लेझरला आधी त्वचा पार करावी लागते आणि त्वचेतलं मेलॅनिन तोच प्रकाश खातं. सावळ्या त्वचेच्या बायकांवर वेगळं तपासल्याशिवाय आपल्याकडे हे मशिन कुणी आणू नये.

आता आपल्याकडे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि ९८ हजारांवर मृत्यू झाले. मरणाचं हे प्रमाण मशिन जुनं असल्यामुळे नाही, उशिरामुळे आहे. टाटा मेमोरियलच्या इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. तिथे मशिन कुठलंच नव्हतं. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. रोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांत मिळून १५ टक्के, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. या हातांच्या मागे दुसरी पायरी सोनोग्राफीची असायला हवी. तिच्या आड एक कायदा येतो, आणि तो कायदा योग्य आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशिन नोंदलेलं असतं, आणि उचलून नेण्याजोगं मशिन २०१२ पासून नोंदणीकृत ठिकाणाच्या आवारात किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्याचा भाग म्हणूनच वापरता येतं. मशिन स्तनावर ठेवलंय की पोटावर, हे कायद्याला दिसत नाही. मुली मारल्या गेल्या म्हणून हे बंधन आलं आणि त्याची किंमत आता त्यांच्या आया मोजतात. फक्त उथळ भाग पाहू शकणाऱ्या, गर्भापर्यंत पोचूच न शकणाऱ्या मशिनची वेगळी वर्गवारी करता येईल का, यावर कायदेतज्ज्ञांनी आणि आम्ही एकत्र बसायला हवं.

मघाशी म्हटलं, की उत्तर जागेप्रमाणे बदलतं. इलॅस्टोग्राफीचं मोठेपण सुई टाळण्यात आहे. ‘४ए आहे, पण मऊ आहे, सहा महिन्यांनी या’ असं बोस्टनच्या बाईला म्हटलं की तिला स्मरणपत्र जातं, फोन जातो, ती येते. तेच मी आडगावच्या बाईला म्हटलं, तर सहा महिन्यांनी पेरणी असते, सासऱ्याचं आजारपण असतं, एसटीचं भाडं असतं, आणि ‘डॉक्टरीण म्हणाली मऊ आहे’ एवढंच घरात शिल्लक राहतं. भूल देऊन पाच मिनिटांत होणारी सुईची बायोप्सी तिच्यासाठी अधिक सुरक्षित आहे. म्हणून आमच्याकडे ४ए असेल तर रंग कुठलाही असो, मी सुई त्याच दिवशी घालते. परदेशी परिषदेत हे सांगितलं तर भुवया उंचावतात. माझ्या मते तुलनेच्या तक्त्यात ‘रुग्ण परत येण्याची शक्यता’ असा एक रकाना हवा आणि तो रकाना प्रत्येक जिल्ह्याने स्वतः भरावा. संगणकी बुद्धिमत्तेच्या बाबतीतही हेच. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की तिच्या मदतीने रेडिओलॉजिस्टचे खोटे इशारे ३७ टक्क्यांनी आणि सांगितलेल्या बायोप्सी २८ टक्क्यांनी घटतात. आपल्याला तिची गरज उलट बाजूने आहे. तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ नसताना कुणाला पुढे पाठवायचं हे सांगण्यासाठी.

शेवटचा प्रश्न काखेचा, आणि तो मी मुद्दाम राखून ठेवला. काखेतल्या गाठीची साल ३ मिलिमीटरहून जाड झाली किंवा तिच्या मध्यावरची चरबी नाहीशी झाली, की संशय घ्यायचा. यासाठी साधी सोनोग्राफी लागते, बाकी काही नाही. ती फार संवेदनशील नाही. काखेतला बारीक प्रसार तिला दिसत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. तरी इटलीतल्या मंडळींनी विचारलं, की २ सेंटिमीटरच्या आतली गाठ असेल आणि काख सोनोग्राफीत स्वच्छ दिसली, तर काखेची शस्त्रक्रिया टाळता येईल का? इटली, स्वित्झर्लंड, स्पेन आणि चिलीतल्या १४०५ बायकांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. शस्त्रक्रिया केलेल्या गटात १३.७ टक्के बायकांच्या काखेत प्रसार सापडला, म्हणजे तेवढा सोनोग्राफीने चुकवला होता. तरीही पाच वर्षांनी रोग दूर न पसरता जगणाऱ्यांचं प्रमाण शस्त्रक्रिया केलेल्यांत ९७.७ टक्के आणि न केलेल्यांत ९८ टक्के. यांतल्या बहुतेकींची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी होती, स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया आणि त्यावर किरणोपचार झालेले होते. सरसकट सगळ्यांना हा निकाल लावू नये. पण ज्यांना लागू पडतो त्यांचा हात सुजत नाही, खांदा आखडत नाही, घागर उचलता येते. यासाठी जे मशिन लागलं ते जिल्हा रुग्णालयात आज आहे.

माझी वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्न असतील तर बायकांचे आधी घेऊ.